बंद घरातल्या संडासाला वास का येतो, आणि गेलेला वास परत का येतो

गणपतीच्या दोन-चार दिवस आधी मुंबईकर गावी येतात, घर उघडतात, जळमटं काढतात, लादी पुसून घेतात, आणि संध्याकाळपर्यंत तक्रार सुरू होते: संडासात वास मारतोय. मग फिनेल येतं, ॲसिडची बाटली येते, भांडं पांढरंफेक होईस्तोवर घासलं जातं. वास जातो. सण उरकतो, घराला कुलूप लागतं, आणि शिमग्याला दार उघडलं की पुन्हा तोच वास.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहते. आमच्या वाडीत वर्षाचे बरेच महिने बंद असणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींच्या किल्ल्या आमच्या खुंटीला असतात. त्यामुळे ही तक्रार आणि तिच्यावरचे सगळे उपाय मी जवळून पाहिले आहेत. शहरातही गोष्ट वेगळी नाही. मुलगा परदेशी गेल्यावर त्याच्या खोलीची बाथरूम पडून राहते, गुडघ्यांमुळे आईवडील वरच्या मजल्यावर चढेनासे होतात, किंवा पाहुण्यांसाठी म्हणून राखलेला संडास पाहुणे येईपर्यंत कुणी उघडतच नाही.

मुळात वापरात नसलेल्या संडासात घाण येणार कुठून? भांडं स्वच्छच असतं. वास येतो तो खालच्या पाइपातून, आणि तो वर येऊ शकतो कारण मध्ये अडसर म्हणून असलेलं पाणी आटलेलं असतं. फिनेलने वास गेला असं वाटतं, पण खरं काम फिनेलच्या मागोमाग ओतलेल्या बादलीभर पाण्याने केलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

भांड्याखालचा पाइप सरळ खाली जात नाही. तो आधी खाली, मग थोडा वर आणि पुन्हा खाली असा वळवलेला असतो. त्या वळणात पाणी साचून राहतं. हाच ट्रॅप. पलीकडे सेप्टिक टँक किंवा गटाराची लाइन, अलीकडे तुमचं घर, आणि दोहोंच्या मध्ये तेवढंच पाणी. नेहमीच्या कमोडमध्ये आणि चांगल्या नहाणी ट्रॅपमध्ये (नहाणी म्हणजे बाथरूमच्या लादीतलं, जाळी असलेलं पाणी जाण्याचं तोंड) हा पाण्याचा अडसर साधारण ५० मिलिमीटर खोलीचा असतो. रोज वापर असेल तर पाणी रोज बदलतं आणि आपल्याला त्याची आठवणही होत नाही. वापर थांबला की ते हळूहळू उडायला लागतं. हवा कोरडी असेल, पत्र्याखाली बाथरूम तापत असेल, खिडकीतून वारा खेळत असेल तर लवकर. कडक उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत नहाणी कोरडी ठणठणीत झालेली मी पाहिली आहे.

गावाकडच्या घरांत आणखी एक गोष्ट असते, ती फारसं कुणी सांगत नाही. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर त्याला तीव्र उताराचं खास भांडं बसवलेलं असतं आणि त्याच्या ट्रॅपमध्ये पाणी जेमतेम २० मिलिमीटर उभं राहतं. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या घरात दीड-दोन लिटरमध्ये मैला निघून जावा, हा त्यामागचा हेतू. रचना उत्तम आहे, पण ती रोज वापरणाऱ्या घरासाठी आहे. तेच घर महिनोन्‌महिने बंद राहायला लागलं की हे २० मिलिमीटर पाणी सगळ्यात आधी जातं. तेव्हा फ्लॅटमधल्या बहिणीचा अनुभव गावच्या घराला लावू नका. तिचा कमोड महिनाभर तग धरेल, तुमचं भांडं धरणार नाही.

संडासावर एवढं सविस्तर लिहायचं का, असं कुणाला वाटेल. आमच्या कोकणाने तरी ते वाटून घेऊ नये. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम करू द्यावं म्हणून १९३२ साली उपोषणाला बसलेले गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन इथलेच, आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाचे, खत देणारे संडास बांधून दाखवले.

आधी वासाचं तोंड शोधा

बाथरूममध्ये खालच्या पाइपाला जोडलेली तोंडं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. कमोड किंवा भांडं, नहाणी, बेसिन. वॉशिंग मशीनसाठी काढून ठेवलेला आणि कधीच न वापरलेला पाइप. आणि बेसिनखालचा तो प्लॅस्टिकचा घड्या असलेला पाइप जिथे जमिनीत किंवा भिंतीत घुसतो ते भोक. या भोकाकडे कुणी बघत नाही. पुष्कळ ठिकाणी पाइप नुसता आत खोचलेला असतो, भोवती बोटभर फट असते आणि खालचा वास बिनदिक्कत वर येत असतो. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात रबरी बूच मिळतं, पाइपावर सरकवून भोकात दाबून बसवायचं. ते मिळेपर्यंत कापडी चिंधी गुंडाळून वर चिकटपट्टी लावली तरी भागतं.

शोधायची रीत अशी. मोबाइलचा टॉर्च लावून नहाणीची जाळी उचला आणि आत बघा. पाणी असेल तर उजेड चमकून परत येतो. चमक दिसली नाही तर उत्तर मिळालं, तांब्याभर पाणी ओता. पाणी असूनही वास असेल तर एकेक तोंड बंद करून बघायचं. नहाणीच्या जाळीवर पाण्याने अर्धी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. ती स्वतःच्या वजनाने जाळीवर पसरते आणि कडेने फट राहत नाही. बेसिनला बूच लावा, कमोडचं झाकण पाडून कडेने चिकटपट्टी मारा. मग रात्रभर दार बंद ठेवायचं. सकाळी एकच तोंड मोकळं करायचं, तासाभराने परत यायचं.

येताना अंगणातून या. नाक वासाला फार लवकर सरावतं. दहा मिनिटं आत उभं राहून "आता येत नाही" म्हणणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो वायू फार झाला तर नाकाची ताकदच मारतो. घरातल्या कोरड्या नहाणीतून एवढं प्रमाण सहसा येत नाही, पण महिनोन्‌महिने बंद असलेल्या खोलीत शिरताना आधी खिडकी उघडावी, थोडं थांबावं, मग आत जावं. पाइपातली हवा वर येते आहे का हे उदबत्तीच्या धुरानेही कळतं. मात्र चेंबरच्या किंवा सेप्टिक टँकच्या झाकणाजवळ काडी पेटवायची नाही. तिथे मिथेन असतो, त्याला वास नसतो आणि तो पेट घेतो.

वास आला की एक्झॉस्ट फॅन लावायचा, ही सवय इथे उलटी पडते. दार-खिडकी बंद असताना फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. नहाणी कोरडी असेल तर ती नहाणीतून येते. म्हणजे फॅन चालू आहे तोवर गटाराचा वास खेचून वर आणला जातो. आधी पाणी, मग खिडकी, मग फॅन.

डांबरगोळ्यांबद्दल मी जरा कडक बोलते. नहाणीवर त्या ठेवून वास जात नाही, त्याच्यावर दुसरा वास चढतो. आणि त्यांतलं नॅफ्थॅलिन तान्ह्या बाळांना वाईट. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी याने फुटतात. सणाला नातवंडं येणार त्या घरात तर त्या मुळीच नकोत.

पाणी भरलं तरी वास परत येतो

इथे पाणी किती वेगाने कमी होतं हे बघणं महत्त्वाचं. कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा, कुणाला वापरू देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी बघा. आठवड्याने बोटभर उतरलं तर ते उडालं आहे, त्यात बिघाड काही नाही. एका रात्रीत उतरलं तर कारण दुसरं.

सगळ्यात नेहमीचं कारण केसांचं. ट्रॅपच्या वळणावर केसांचा किंवा फडक्याच्या दोऱ्यांचा पुंजका अडकतो. त्याचं एक टोक पाण्यात, दुसरं पलीकडे लोंबतं. समईची वात जसं तेल वर ओढते तसं हा पुंजका पाणी ओढतो आणि पलीकडे थेंब थेंब सोडत राहतो. ट्रॅप फुटलेला नाही, गळत नाही, तरी रिकामा होतो. नहाणीत वाकवलेली तार घालून तो पुंजका काढला की काम झालं. प्लंबरला बोलावण्याआधी हे करून बघाच.

दुसरं कारण व्हेंट पाइप. घराच्या मागे छपराच्या वर जाणारा जो उभा पाइप असतो तो हवेसाठी असतो. एका ठिकाणचं पाणी जोराने खाली गेलं की त्याच्या मागे पोकळी होते, ती पोकळी या पाइपातून आलेल्या हवेने भरून निघायला हवी. पाइप तुंबला तर हवा मिळेल तिथून खेचली जाते, म्हणजे दुसऱ्या संडासाच्या ट्रॅपमधून, आणि जाताना तिथलं पाणीही ओढून नेते. ओळखायची खूण सोपी आहे. एक फ्लश केला की दुसऱ्या भांड्यात गुडगुड ऐकू येते, पाणी वरखाली हलतं. इमारतीत वरच्या मजल्यावरच्या फ्लशने खालचा रिकामा संडास कोरडा पडतो तोही यानेच. आमच्याकडे व्हेंटच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं, नाहीतर जाळी फाटून आत पाखराने काड्या भरलेल्या असतात. शिडीवर चढणारं माणूस शोधा, वर स्वच्छ करून नवी जाळी बांधून घ्या. जाळी हवीच, ती का ते पुढे येईल.

नहाणीत आत एक वाटी असते, काही प्रकारांत उपडी. साफ करताना कुणीतरी ती काढतं, "यात पाणी तुंबतं" म्हणून परत बसवतच नाही. तशा ट्रॅपमध्ये ती वाटी हाच अडसर आहे. ती गेली की वरून कितीही पाणी ओता, वास येणारच.

वास जमिनीजवळून, कमोडच्या पायथ्याशी येत असेल तर जोड बघा. कमोडवर दोन्ही हात ठेवून हलकेच हलवा. तो डुगडुगत असेल तर खालचं रबर निसटलेलं आहे किंवा कडेचं व्हाइट सिमेंट तडकलं आहे. हे वरून सिलिकॉन भरून तात्पुरतं दबतं, पण बरं होत नाही. कमोड उचलून, त्याला खालच्या पाइपाशी जोडणारं पॅन कनेक्टर नवं बसवणं हाच इलाज. इथे खर्च करायला मागेपुढे पाहू नका. डुगडुगता कमोड म्हाताऱ्या माणसाला पाडू शकतो, आणि असे कमोड बहुतेकदा त्यांच्यासाठीच बसवलेले असतात.

घराला कुलूप लावताना

शेवटच्या दिवशी गडबड असते हे मला ठाऊक आहे. गाडीची वेळ, फणस-कोकमांची बोचकी, देवाची आवराआवर. तरी संडासाला दहा मिनिटं काढा, आणि क्रम चुकवू नका.

आधी भांडं, नहाणी, बेसिन सगळं घासून खळखळून धुवायचं. साबण किंवा मैला पाण्यात राहिला तर तो महिनाभर तिथेच कुजतो. मग प्रत्येक तोंडात स्वच्छ पाणी ओतून ट्रॅप भरायचे, आणि सगळ्यात शेवटी त्यावर तेल. नहाणीत आणि बेसिनमध्ये चमचाभर, भांड्यात दोन-तीन चमचे. तेल पाण्यावर पसरतं आणि पाणी उडू देत नाही. पलीकडच्या बाजूने थोडं उडतंच, पण पाइपातली हवा दमट असते, त्यामुळे फार नाही. तेल घातल्यावर फ्लश करायचा नाही, नाहीतर तेल गेलं वाहून.

तेल कुठलं, हा प्रश्न कोकणात महत्त्वाचा, कारण हाताशी खोबरेल असतं. ते घालू नका. पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते थिजतं. पौषातल्या एका थंड रात्री त्याची कवडी होते, कडेने फट पडते आणि पाणी उघडं राहतं. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं चालतं, पण काही आठवड्यांनी खवट होतं आणि झुरळांना ओढतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते सगळ्यात चांगलं. थिजत नाही, खवटत नाही, वास नाही.

तेलाने आणखी एक काम होतं. ‘एक दिवस कोरडा पाळा’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो, आणि डेंग्यूच्या डासासाठी ते योग्यच आहे. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पण ट्रॅप कोरडा ठेवता येत नाही. पाण्यावर तेलाचा थर असला की अळीला श्वास घ्यायला पृष्ठभागावर येता येत नाही. फ्लशच्या टाकीचं झाकण नीट बसवा, पिंप-बादल्या उपड्या करा, आणि व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुन्या नायलॉनच्या कापडाचा तुकडा दोरीने घट्ट बांधा. सेप्टिक टँकमध्ये वाढणारे डास त्याच वाटेने बाहेर पडतात. आमच्याकडे आरोग्यसेविका दारोदार हेच सांगत फिरतात.

कमोडचं झाकण पाडलेलं, नहाणीवर पाण्याची पिशवी किंवा उपडं ताटलीसारखं काहीतरी जड, दाराला खाली फट नको, खिडकीच्या काचा थोड्या उघड्या पण आतून जाळी. पूर्ण बंद केलीत तर पावसाळ्यात बुरशी चढते. ती काढणं वासापेक्षा अवघड.

फ्लशची टाकी

दोन-तीन आठवड्यांसाठी जात असाल तर टाकी भरलेली राहू द्या, फक्त टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. महिनोन्‌महिने जात असाल तर कॉक बंद करून एक फ्लश करा आणि टाकी रिकामी ठेवा, आणि मग तेलाचं वर सांगितलेलं काम करा. रिकाम्या टाकीत रबरी वॉशर वाळून कडक होतात हे खरं आहे. पण वॉशर स्वस्तात येतो, आणि भरलेल्या टाकीची गळती सुरू झाली तर छपरावरची टाकी रिकामी होईपर्यंत कुणाला कळत नाही. मी तरी वॉशर बदलणं पसंत करीन. एक जास्तीचा घरातच ठेवा, त्या मापाचा आमच्या बाजारात मिळेलच असं नाही.

परत आल्यावर कॉक उघडला आणि टाकी अगदी दोऱ्याएवढ्या धारेने भरायला लागली, तर सगळी फिटिंग बदलायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका. कॉक पुन्हा बंद करा, टाकीच्या खालचा नट सोडवा. टाकीत पाणी सोडणाऱ्या बॉल कॉकच्या तोंडाशी करंगळीच्या पेराएवढी छोटी प्लॅस्टिकची जाळी असते. ती चिमट्याने ओढून काढली की तिच्यावर लाल गाळ आणि बारीक वाळू चिकटलेली दिसेल. जुन्या दात घासायच्या ब्रशने नळाखाली धुवा, परत बसवा.

भांड्यात पाणी सतत झिरपतं आहे का हे बघायला भांड्याची मागची बाजू पुसून कोरडी करा आणि तिथे वर्तमानपत्राची पट्टी चिकटवा. पाच-दहा मिनिटांत पट्टी खालपर्यंत ओली झाली तर फ्लशच्या व्हॉल्व्हचा वॉशर गेला. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासाने भांड्यात बघितलं तरी तेच कळतं.

डाग

जांभ्याच्या मुलखात विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात लोह उतरतं, त्याचे तांबूस ओघळ भांड्यावर येतात. घाटावर, बोअरचं जड पाणी असेल तिथे पांढरट खडू जमतो. दोन्हींवर सायट्रिक ॲसिड चालतं. ते किराणा दुकानातही मिळतं. मगभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे विरघळवून रेषेभोवती टाका, जुनं फडकं त्यात भिजवून डागावर चिकटवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी घासा. पाण्याच्या रेषेवर गुलाबी चिकट थर दिसला तर तो जिवाणूंचा असतो. तो ब्रशने निघतो आणि ओलावा राहिला की परत येतो.

ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग, ही दोन्ही एका वेळी कधीही वापरायची नाहीत. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. सणाच्या घाईत एक जण ॲसिड टाकून जातो आणि दुसरी ‘अजून वास आहे’ म्हणून वरून ब्लीचिंगचं पाणी ओतते, असं सहज घडतं. बंद खोलीत त्याने माणूस गुदमरतं. घरात कुणी काय टाकलं आहे ते एकमेकांना सांगा.

घर उघडल्यावर

पावसाळ्यानंतर उघडताय तर संडासाचं झाकण काठीने उचला आणि आत बघूनच बसा. व्हेंटमधून आणि कोरड्या ट्रॅपमधून बेडूक येतात, भिंतीवर आणि कडेखाली चिकटून बसतात. बेडूक आहे तिथे कधी साप येतो. मारामारी करायची गरज नसते. दार उघडं ठेवून थोडा वेळ थांबलं की बेडूक आपला जातो, आणि साप दिसला तर सर्पमित्राला फोन करा. झुरळं मात्र नहाणीतूनच येतात. ट्रॅपमध्ये पाणी असलं आणि जाळी बारीक असली की ती बरीच कमी होतात. भिंतीवर पतंगासारखी केसाळ, इवलीशी माशी बसलेली दिसली तर औषध फवारू नका. तिच्या अळ्या नहाणीच्या आतल्या बुळबुळीत थरात असतात. तो ब्रशने खरवडून कडकडीत पाणी ओतलं की माशी संपते.

सगळ्या तोंडांत पाणी ओता, मगच नळ सोडा. पहिलं पाणी तांबडं येईल, ते स्वच्छ होईस्तोवर जाऊ द्या. नळातून हवेचे फटकारे येतात म्हणून कॉक हळूहळू उघडा. जेट स्प्रे आणि शॉवर लगेच अंगावर घेऊ नका. पाइपात आणि गिझरमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या मेळाव्यानंतर माणसं न्यूमोनियाने दगावली, त्या तपासातून तो सापडला. तो पाणी प्यायल्याने लागत नाही, पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेल्याने लागतो, आणि म्हाताऱ्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना जास्त. म्हणून शॉवर बादलीत सोडून, तुषार न उडवता, काही मिनिटं वाहू द्यावा. गिझर ६० अंशांपर्यंत तापवून ते पाणी सोडून द्यावं. छपरावरच्या टाकीतलं जुनं पाणी तर काढायचंच. पहिला फ्लश झाकण पाडून.

किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना काय सांगाल

लोक किल्ली देताना म्हणतात, "वहिनी, अधूनमधून घरावर लक्ष असू दे." लक्ष म्हणजे काय ते सांगत नाहीत. त्यापेक्षा असं सांगा: "वहिनी, दर रविवारी भांड्यात एक बादली, नहाणीत एक तांब्या, बेसिनचा नळ अर्धा मिनिट." तेवढं केलं तर तेलाचीही गरज पडत नाही आणि डासांचंही चक्र तुटतं. पाणी कुठून घ्यायचं, पंप कोण चालू करणार, विजेचं बटण कुठलं, हे संडासाच्या दारामागे कागदावर लिहून चिकटवा. शेजारीण पंपाचं बटण शोधत बसली तर पुढच्या रविवारी ती येणार नाही, आणि त्यात तिची चूक नाही. घरातच संडास पडून असेल, तर त्या बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा कुणीतरी आंघोळ करावी. याहून सोपा उपाय नाही.

टाकी आणि चेंबर

पावसाळ्यात फ्लश केल्यावर पाणी वर चढतं, सावकाश उतरतं, ही वेगळी तक्रार आहे. जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. संडासाजवळच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबर तुडुंब भरलेला असेल तर अडथळा पुढे आहे, सेप्टिक टँकमध्ये किंवा शोषखड्ड्यात. चेंबर रिकामा असेल तर अडथळा भांडं आणि चेंबर यांच्या मध्ये आहे, तिथे प्लंबरची स्प्रिंग चालते. प्लंबरला फोन करण्याआधी हे बघून ठेवा, तो काय घेऊन यायचं ते त्यावरून ठरवतो.

सेप्टिक टँकमध्ये टाकायच्या पावडरी आणि शेणाचा काला यांची गरज नसते. लागणारे जिवाणू मैल्यातच असतात. कमी वापराच्या घरात टाकी बिघडते ती बहुधा धुताना ओतलेल्या भरमसाट ॲसिडने आणि फिनेलने, कारण वापर कमी असल्याने ते विरळ व्हायला पाणीच नसतं. रोजच्या वापराच्या घरात टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी असं सांगतात. तुमच्या घरी त्याहून उशिरा लागेल, पण गाळ किती साचला ते उपसा करणाऱ्या गाडीवाल्याकडून बघून घ्या.

टाकी उपसायची ती पंपाच्या गाडीनेच. कुणी कमी पैशांत आत उतरून साफ करून देतो म्हणाला तरी त्याला उतरू देऊ नका. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू काही श्वासांत शुद्ध घालवतो. त्याला काढायला म्हणून उतरलेला दुसराही तिथेच पडतो. आत काही पडलं, मोबाइल असो की सोन्याची अंगठी, झाकण लावा आणि गाडी बोलवा.